फँटसीतली बनवलेली बोली आणि स्वतःचाच उल्लेख करणारी गोष्ट

उंबरठा (धागाकर्ती)

टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज तिसऱ्यांदा वाचून संपवलं, आणि यावेळी पहिल्यांदाच शेवटची परिशिष्टं पेन्सिल हातात घेऊन वाचली. आधी दोन्ही वेळा गोष्ट संपली की पुस्तक मिटलं होतं. भाषांवरच्या परिशिष्टात एक परिच्छेद आहे, तो वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून हा धागा.

टॉल्किन सांगतो की या जगातल्या सामायिक भाषेत समोरच्याला हाक मारायची दोन रूपं होती, एक सलगीचं आणि एक आदराचं. म्हणजे सरळ आपलं तू आणि तुम्ही. पण शायर या मुलखातल्या हॉबिटांच्या (बुटक्या लोकांच्या) रोजच्या बोलण्यातून आदराचं रूप निघूनच गेलं होतं, ते सगळ्यांनाच तू म्हणायचे. आता पिपिन हा तरुण हॉबिट मिनास तिरिथ या मोठ्या शहरात पोचतो तेव्हा पहिले काही दिवस लहानमोठ्या सगळ्यांना तू म्हणतो, थेट तिथला कारभारी असलेल्या डेनेथोरला सुद्धा! म्हाताऱ्या डेनेथोरला कदाचित गंमत वाटली असेल पण त्याचे नोकर चाट पडले असणार, आणि हा पोरगा त्याच्या देशातला कोणी फार मोठा माणूस आहे अशी जी अफवा शहरात पसरली तिला यानेही हातभार लागला असेल, असं तो लिहितो.

इंग्रजीत हे दिसायला जागाच नाही, दोघांनाही यू. म्हणून बिचाऱ्याला परिशिष्टात समजावून सांगावं लागलं. पण मी लगेच मागे जाऊन तो दरबाराचा प्रसंग मनातल्या मनात मराठीत वाचला. बोरोमीर आपल्याला वाचवताना मेला, त्या ऋणापोटी पिपिन त्याच्या बापापुढे, म्हणजे डेनेथोरपुढे, तलवार ठेवतो. आजवर मी तिथे आपसूक 'ही माझी तलवार घ्या' असंच ऐकत आले होते. आता 'ही माझी तलवार घे' असं म्हणून बघा. तोच मुलगा, तेच ऋण, पण एका 'घे'ने तो सेवक राहत नाही, घरातल्या माणसासारखा त्या म्हाताऱ्याच्या दुःखाशेजारी येऊन उभा राहतो. माझ्या अंगावर काटा आला.

तर मला असं वाटायला लागलंय की फँटसीतल्या बनवलेल्या शब्दांपैकी चांगला कुठला, हे तो किती विचित्र ऐकू येतो यावर नसतंच. त्या शब्दातून कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या जवळ, त्या लोकांचं मागे काय होऊन गेलंय हे कळतं का, यावर असतं. तुम्हाला कुठल्या मालिकेत असं सापडलंय? आणि दुसरं, जी गोष्ट स्वतःबद्दल बोलते, म्हणजे पात्रांना आपण गोष्टीत आहोत याची चाहूल लागते, त्याबद्दलही लिहा. मला ही दोन्ही एकाच मुळातून आलेली वाटतात पण का ते नीट मांडता येत नाहीये.

काजवा

धागा आवडला. पण बहुतेक मालिकांत बोली म्हणजे नुसती शिव्यांची अदलाबदल असते हे कबूल करायला हवं. खरी शिवी काढायची आणि तिथे त्या जगातली वादळं, राख, प्रकाश असलं काहीतरी बसवायचं. व्हील ऑफ टाइम मी १४ च्या १४ खंड वाचलेत (१९९० ते २०१३, शेवटचे तीन मूळ लेखक जॉर्डन गेल्यावर सँडरसनने पूर्ण केले) आणि 'रक्त आणि राख' हे इतक्या वेळा येतं की पाचव्या खंडानंतर डोळा त्यावरून घसरून जातो.

तरी त्याच मालिकेत एक गोष्ट मनापासून आवडली ती सांगतो. एलेन ही राजकन्या, आणि तिला शिव्या गोळा करायचा नाद. तबेल्यातले लोक, शिपाई, गाडीवान, जिथे ऐकेल तिथून उचलते, अर्थ अनेकदा माहीत नसतो, आणि मग भलत्या ठिकाणी वापरते. तिथे ती शिवी एकदम जिवंत होते कारण ती आता कोणाची आहे हे दिसतं. राजवाड्यात वाढलेल्या मुलीच्या तोंडात ती शिवी बसत नाही आणि तरीही मुलगी ती हवीच म्हणते. म्हणजे उंबरठाताईंचा मुद्दाच, फक्त मी म्हणेन की शब्दापेक्षा तो कोणाच्या तोंडात टाकला त्यात सगळं आहे.

तळटीप

मालिका नाही म्हणता येणार पण वॉटरशिप डाउन विसरून चालणारच नाही. १९७२ चं सशांच्या कळपावरचं पुस्तक, पुढे १९९६ मधे त्याच सशांच्या गोष्टींचा दुसरा भाग आला. रिचर्ड अ‍ॅडम्सने ही गोष्ट आधी आपल्या दोन मुलींना गाडीच्या प्रवासात तोंडी सांगितली होती, आणि ते तोंडी सांगणं त्या भाषेत अजून शिल्लक आहे असं मला कायम वाटतं.

सशांच्या भाषेतले शब्द तो एकेक करून देतो. बिळातून वर येऊन चरणं म्हणजे सिल्फ्ले. लेंड्या म्हणजे ह्राका. शत्रू प्राणी सगळे मिळून एलिल. मोटार म्हणजे ह्रुडुडु, तिच्या आवाजावरून. भीतीने जागच्या जागी थिजून जाणं म्हणजे थार्न, आणि हा शब्द तर मी आता स्वतःसाठी वापरते कारण मराठीत थिजणं आहे पण हेडलाइटच्या उजेडात सशाचं जे होतं तितकं नेमकं दुसऱ्या कशात नाही. त्यांना चारच्या पुढे मोजता येत नाही. पाच म्हणजे ह्रैर, आणि हजार म्हणजे पण ह्रैरच, म्हणजे 'पुष्कळ'. फायव्हर नावाचा जो छोटा ससा आहे त्याचं खरं नाव ह्रैरू, म्हणजे पुष्कळातला धाकटा. एकाच वेळच्या भरपूर पिल्लांतलं शेवटचं, मरतुकडं पिल्लू. एवढंसं नाव, त्यात त्याचा जन्म, त्याची प्रकृती, त्या लोकांचं गणित सगळं आलं.

आणि मग शेवटाकडे बिगविग हा ससा बोगद्यात अडकून लढतोय, समोर शत्रूच्या कळपाचा म्होरक्या जनरल वूंडवॉर्ट, आणि तो शरण ये म्हणतो. बिगविग एक अख्खं वाक्य सशांच्या भाषेत त्याच्या तोंडावर फेकतो. भाषांतर नाही, काही नाही. आणि तुम्हाला कळतं! पाचशे पानांत तुम्हाला नकळत शिकवलेलं असतं ते सगळं त्या क्षणी उपयोगी पडतं. चरणं माहीत, ह्राका माहीत, नायकाला काय म्हणतात माहीत, कोल्ह्याच्या वासाला काय म्हणतात ते माहीत, आणि एका सशाने दुसऱ्याला दिलेली ती घाणेरडी शिवी मला दुभाष्याशिवाय समजली म्हणून मी पुस्तक खाली ठेवून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या, खरंच.

शब्द शिकवायचा तर असा, मूल शिकतं तसा, वापरातून. मागे कोश जोडून नाही.

उंबरठा

तळटीप, किती सुंदर लिहिलंयत. बिगविगचं वाक्य मी विसरले होते, आत्ता काढून वाचलं. आणि 'पुष्कळातला धाकटा' हे तर मराठीतलंच नाव वाटतंय.

रात्रपाळी

सँडरसनचं मिस्टबॉर्न वाचलं नसेल त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्या, स्पॉइलर आहे आणि मोठा आहे.

पहिल्या पुस्तकात (२००६) एक पोरगा आहे, स्पूक. रस्त्यावरची एक बोली बोलतो, क्रियापदांची शेपटं भलतीकडे लावतो, टोळीतल्या कोणालाच अर्धं कळत नाही आणि वाचताना आपल्यालाही कळत नाही. त्याचं मूळ नाव लेस्टिबोर्न्स, आणि ते नाव म्हणजे त्याच बोलीतलं एक वाक्य आहे, 'मला टाकून दिलंय' अशा अर्थाचं. टोळीचा म्होरक्या केल्सियर त्याला स्पूक हे टोपणनाव देतो. मी तेव्हा ही बोली म्हणजे एका बाजूच्या पात्राला ओळखीची खूण लावलीय एवढंच समजलो होतो.

मग २०११ मधे त्याच जगातली पुढची मालिका सुरू झाली, गोष्टीच्या काळात सुमारे तीनशे वर्षांनी. तिथे एक जुनी भारदस्त भाषा आहे, उच्च शाही. शिकलेले लोक ती अभ्यासतात, जुने ग्रंथ त्या भाषेत, मोठ्या समारंभाला तिच्यातली वचनं म्हणतात. आणि दोन ओळी वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ही स्पूकची बोली आहे!! तो पोरगा मधल्या काळात राज्यकर्ता झाला, त्याने लिहून ठेवलं त्याच्या बोलीत, आणि ज्या भाषेला सगळे नावं ठेवत होते ती अभिजात झाली.

मला वाटतं उंबरठाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. इथे मालिका स्वतःचाच उल्लेख करतेय पण कोणी वाचकाकडे बघून डोळा मारत नाहीये. त्या जगातल्या विद्वानाला ही बोली एके काळी रस्त्यावरच्या टाकून दिलेल्या पोराची होती हे नीट ठाऊकही नसेल, ते फक्त मला ठाऊक आहे कारण मी तिथे होतो. बोली हीच त्या जगाची आठवण झाली.

काजवा

रात्रपाळी, हे वाचून मी माझं वरचं म्हणणं थोडं मागे घेतो. मी पहिलं पुस्तक वाचताना स्पूकचे संवाद चाळून पुढे जायचो, म्हणजे टोळीतल्या इतरांनी त्याच्याशी जे केलं तेच मी केलं.

वाचनखूण

कोश नको या मताशी मी सहमत नाही. माझं इंग्रजी वाचन उशिरा सुरू झालं, आणि ज्याला मूळ भाषाच अडखळत वाचावी लागते त्याला कुठला शब्द लेखकाने बनवलाय आणि कुठला खरा इंग्रजी आहे हेच कळत नाही. मी पहिल्यांदा लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला मॅथम हा शब्द डिक्शनरीत शोधत बसले होते. मागे चार पानांची सूची असती तर मी काही कमी वाचक ठरले नसते. क्लॉकवर्क ऑरेंज (१९६२) फँटसी नाही पण त्यातल्या पोरांच्या बोलीचं उदाहरण नेहमी दिलं जातं, रशियन शब्द मोडून केलेली ती बोली लेखक बर्जेसला वाचकाने वाचता वाचताच आत्मसात करावी असं हवं होतं, तरी अमेरिकेतल्या एका आवृत्तीला मागे शब्दार्थ जोडले गेले. लेखकाला ते रुचलं नाही हे समजतं. पण ती सूची वापरून ज्यांनी पुस्तक पार केलं त्यांच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहिलं.

तळटीप

वाचनखूण, तुमचं बरोबर आहे, मी माझ्या सोयीने बोलले. अ‍ॅडम्स स्वतःसुद्धा सुरुवातीला काही शब्दांना तळटीपा देतोच. शेवटच्या त्या वाक्याला देत नाही, एवढंच.

जुनी वही

स्वतःबद्दल बोलणाऱ्या गोष्टीवर लिहितो. यात मला दोन जाती दिसतात.

एक प्रॅचेट. त्याच्या विनोदी डिस्कवर्ल्ड मालिकेच्या ४१ कादंबऱ्या, १९८३ ते २०१५. तिथे गोष्टींचे नियम हे त्या जगाचे निसर्गनियमच आहेत आणि पात्रांना ते माहीत आहेत. गार्ड्स गार्ड्स (१९८९) मधे पहारेकऱ्यांना ड्रॅगनला बाण मारायचाय. दहा लाखांत एक अशी शक्यता असली की गोष्टीत ती हमखास साधते, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग ते छपरावर उभं राहून शक्यता नेमकी दहा लाखांत एक करायचा प्रयत्न करतात, एका पायावर उभा रहा, तोंडाला काजळी फास, म्हणजे नेम आणखी अवघड होईल. हसून हसून पुरेवाट होते, पण त्याखाली एक फार गंभीर गोष्ट आहे. ही साधी माणसं जिवावर उदार होऊन छपरावर गेलीयत, आणि त्यांच्याकडे हत्यार म्हणून काय आहे, तर आजवर ऐकलेल्या गोष्टी.

दुसरी जात सॅमची, म्हणजे लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या हॉबिट माळ्याची. सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर तो आणि त्याचा मालक फ्रोडो दमून बसलेत, पुढे शत्रूचा देश मॉर्डॉर, आणि सॅम बोलत बसतो की जुन्या गोष्टीतल्या लोकांनाही मागे फिरता आलं असतं पण ते फिरले नाहीत, आणि आपल्याबद्दलही कोणी कधी गोष्ट सांगेल का, लाल-काळ्या अक्षरांच्या मोठ्या पुस्तकातून कोणी वाचून दाखवेल का. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की त्यांच्याजवळच्या कुपीतला प्रकाश त्याच जुन्या गोष्टीतल्या रत्नाचा आहे, म्हणजे ती गोष्ट संपलेलीच नाही, आपण तिच्यातच आहोत. वाचकाच्या हातात त्या वेळी तेच पुस्तक असतं. तरी भिंत मोडल्यासारखं वाटत नाही, कारण सॅमला वाचक नकोय, त्याला धीर हवाय.

प्रॅचेटच्या पात्रांना गोष्टीचे नियम माहीत असतात, सॅमला गोष्टीची गरज असते. दोन्ही मला आवडतात पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मी सॅमचं पान काढतो.

तळटीप

जुनी वही, यात वॉटरशिपचा शेवट धरा. सगळं संपल्यावर एक सशीण आपल्या पिल्लांना त्यांच्या पुराणपुरुषाची, एल-अहरैराची गोष्ट सांगत असते, तो आपल्या लोकांना घेऊन कसा निघाला, वाटेत काय काय झालं. हेझल, म्हणजे पुस्तकभर कळपाला घेऊन चाललेला ससा, ते ऐकतो आणि म्हणतो, ही गोष्ट ओळखीची वाटतेय, कुठे ऐकली ते आठवत नाही. ती त्याची स्वतःचीच असते. आपण सगळं पुस्तकभर त्याच्या शेजारून चाललेलो असतो, आणि तो स्वतःच विसरलाय!

उंबरठा

तळटीप, जुनी वही, आता मला सापडलं मला काय म्हणायचं होतं ते. हेझलची गोष्ट एल-अहरैराची झाली, स्पूकची बोली ग्रंथांची भाषा झाली. दोन्हीत मधे वेळ गेलाय आणि माणसं विसरलीयत. विसरण्याचीच ती खूण आहे. टॉल्किन तर सगळं पुस्तकच आपण एका जुन्या लाल ग्रंथावरून भाषांतर केलंय असं धरून चालतो, सॅमचं सॅम हे नावसुद्धा भाषांतर, मूळ नाव बनाझिर असं परिशिष्टात देतो. मला आधी हा हट्ट वाटायचा. पण भाषांतर म्हटलं की मधे कोणीतरी होतं, काहीतरी हरवलं, हे आपोआप येतं. पिपिनचं तू असंच हरवलेलं होतं.

पाऊलवाट

मी भाषांतराचं काम करते, म्हणून थोडं कारागिरीचं. तू-तुम्ही मराठीत मिळतं हे खरं पण ते फुकट मिळत नाही. मूळ इंग्रजीत यू असतं तिथे मला प्रत्येक वाक्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि एकदा तुम्हीवरून तूवर आणलं की त्या पानावर काहीतरी घडलं असं वाचकाला वाटणार. मालिका असेल तर तिसऱ्या खंडात कळतं की पहिल्या खंडात या दोघांना तू-तू करायला नको होतं. तोवर पहिला खंड छापून झालेला असतो.

गेम ऑफ थ्रोन्सच्या टीव्ही मालिकेत दुसऱ्या सीझनला एक प्रसंग आहे, सरदाराची मुलगी आर्या गरीब घरातली पोर बनून शत्रुपक्षाच्या टायविनकडे वाढपाचं काम करतेय, आणि तो तिला नुसत्या उच्चारावरून पकडतो, की खालच्या घरातल्या मुली 'माय लॉर्ड' हे संबोधन 'म'लॉर्ड' असं तोडून बोलतात, तू पूर्ण बोललीस. सबंध जग एका गिळलेल्या अक्षरात. मी मनात करून बघितलं तर 'महाराज' आणि 'म्हाराज' यात ते जवळपास बसतं. कानाला लगेच कळतं.

पण इथेच मोठा खड्डा आहे. एकदा म्हाराज केलं की हात सैल सुटतो आणि सॅमला अख्खी गावरान बोली द्यावीशी वाटते. मी एका कामात तसं केलं होतं, दोन प्रकरणं, आणि संपादकांनी नव्हे, माझ्या वडलांनी वाचून विचारलं की हा माळी आपल्याकडचा का बोलतोय, आणि तोच का बोलतोय. उत्तर नव्हतं माझ्याकडे. खरी माणसं जी बोली घरात बोलतात ती मी 'साधा, भोळा, नोकर' याची खूण म्हणून वापरली होती. ती दोन प्रकरणं मी परत लिहिली. उच्चार सगळे सरळ केले, आणि त्याच्या बापाच्या तोंडच्या म्हणी, वाक्य लांबवत नेऊन शेवटी मुद्द्यावर यायची त्याची ढब, मालकाला नावाने हाक मारायच्या आधीची ती अडखळण, हे ठेवलं. काम तिप्पट झालं पण आता तो कुठल्या जिल्ह्याचा नाही, शायरचा आहे.

रात्रपाळी

पाऊलवाट ताई, ती परत लिहिलेली एखादी ओळ इथे देता येईल का? शिकायला मिळेल.

पाऊलवाट

करारामुळे नाही देता येणार रे. पण कृती सांगते. आधी ओळ मोठ्याने म्हणायची आणि ती म्हणताना आपण कोणाची नक्कल करतोय का ते बघायचं. नक्कल होत असेल तर ओळ खोडायची.

वाचनखूण

मी वर मॅथम म्हटलं, त्याचं पुढचं सांगायचं राहिलं. हॉबिटांच्या भाषेत जी वस्तू लगेच उपयोगाची नाही पण टाकवतही नाही ती मॅथम. घरं भरलेली असतात आणि वाढदिवसाला त्याच वस्तू एकमेकांना देत फिरतात. डिक्शनरीत मिळेना म्हणून खोदत गेले तर कळलं की जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थ खजिना, मौल्यवान भेट असा होता. टॉल्किनने १९१९-२० मधे ऑक्सफर्ड डिक्शनरीत डब्ल्यूपासूनच्या शब्दांवर काम केलेलं, त्याला शब्दांची ही उतरंड पाठ असणार. आणि परिशिष्टात तो म्हणतो की रोहन या देशाच्या घोडेस्वारांकडेही याच शब्दाचं भावंड आहे, म्हणजे हे बुटके आणि ते स्वार फार मागे कधीतरी शेजारी राहत होते. एकाकडे तो शब्द खजिना राहिला, दुसऱ्याकडे कपाटातली अडगळ झाला.

मी आणि माझा भाऊ तेव्हापासून घरातल्या एका खणाला मॅथम म्हणतो. तुटके चष्मे, बंद घड्याळं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या. आजीने ते पुस्तक कधी पाहिलंही नाही, आम्ही तिला अर्थही सांगितला नव्हता. आजोबा गेल्यावर त्यांचं श्रवणयंत्र कोणी उचलायला धजत नव्हतं, टेबलावर तसंच होतं दहा-बारा दिवस. मग एका दुपारी ती मला म्हणाली, "ते मॅथममधे ठेव, टाकू नकोस."